रेषेचं दुसरं टोक

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते सर आम्हाला भूगोल शिकवायचे. भिंतीवर नकाशा टांगला की ‘दिल्ली दाखव’, ‘गंगा दाखव’ असं ते सुरुवातीला कधीच विचारत नसत. हातात पट्टी द्यायचे आणि म्हणायचे, ‘आधी तू कुठे उभा आहेस ते दाखव.’ आम्हाला ते फार सोपं वाटायचं. पुढे मी मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर झालो आणि त्याच प्रश्नाने माझ्या कितीतरी रात्रींची झोप घालवली. किनारा दिसत नाही, ढगांमुळे तारा दिसत नाही आणि कानातल्या एका बारीक आवाजावरून आपण कुठे आहोत ते ठरवायचं आहे, अशा रात्री.

आज ज्या विमानाबद्दल बोलायचं आहे ते अशाच एका रात्री हरवलं. तारीख ४ एप्रिल १९४३. विमान अमेरिकी लष्कराचं, बी-२४ लिबरेटर जातीचं बॉम्बफेकी. त्याच्या नाकाडावर नाव रंगवलेलं होतं ‘लेडी बी गुड’. लिबियातल्या बेनगाझीजवळच्या सोलुक तळावरून ते इटलीतल्या नेपल्सवर बॉम्ब टाकायला निघालं आणि परत आलं नाही. समुद्रात बुडालं असणार, असं सगळ्यांनी धरलं. सोळा वर्षांनी माणसं त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा ते सहाराच्या वाळवंटात, तळापासून सुमारे सातशे किलोमीटर आत, पोटावर टेकलेलं सापडलं.

टेबलावरचा हा जुना ट्रान्झिस्टर मी घरून मुद्दाम आणला आहे. त्याचं काम थोड्या वेळाने लागेल.

लिबरेटर हे नाव पुण्याच्या जुन्या मंडळींना अगदीच परकं नसावं. चार इंजिनं, प्रत्येक बाराशे अश्वशक्तीचं. पंखांचा पसारा एकशे दहा फूट. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात ही विमानं अठरा हजारांहून अधिक बनवली. युद्ध संपल्यावर त्यातली बरीच कानपूरला मोडतोड करून टाकून दिली होती. आपल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती भंगारातून उचलून बंगलोरला नेली, दुरुस्त केली आणि हवाई दलाला दिली. १९५१ साली पुण्यात पुन्हा उभ्या केलेल्या सहाव्या स्क्वाड्रनकडे समुद्रावर टेहळणी करायला हीच विमानं होती. आपल्या हवाई दलात ती १९६८ पर्यंत उडत राहिली. दणकट, लांब पल्ल्याचं, भरपूर वजन वाहणारं विमान होतं ते. पण इंजिनं बंद पडली तर हवेवर तरंगत जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

‘लेडी बी गुड’वर नऊ जण होते. नऊही नावं घेतो. वैमानिक विल्यम हॅटन. सहवैमानिक रॉबर्ट टोनर. नॅव्हिगेटर डी. पी. हेज. बॉम्ब टाकणारा जॉन वोरावका. इंजिनिअर हॅरल्ड रिपस्लिंगर. रेडिओवर रॉबर्ट लामॉट. आणि तोफची गाय शेली, व्हर्नन मूर, सॅम्युएल ॲडम्स. सगळे विशीतले किंवा तिशीच्या उंबरठ्यावरचे. लिबियात येऊन त्यांना जेमतेम अडीच आठवडे झाले होते. विमानही नवंच. आणि ही त्यांची पहिलीच लढाऊ फेरी.

त्या दिवशी सोलुकहून पंचवीस विमानं निघायची होती, दोन तुकड्यांत. दुपारी वारा सुटला, वाळू उडायला लागली. दुसऱ्या तुकडीतली काही विमानं वाळूने इंजिनं कुरकुरायला लागल्यामुळे वाटेतूनच परतली. ‘लेडी बी गुड’ शेवटच्या काही विमानांबरोबर उडालं. बेत असा की संधिप्रकाशात नेपल्सच्या बंदरावर बॉम्ब टाकायचे आणि अंधाराच्या आडोशाने परत यायचं. जाणं-येणं धरून दोन हजार किलोमीटरहून जास्त उड्डाण, त्यातला परतीचा सगळा टप्पा रात्री आणि समुद्रावरून. जी माणसं या किनाऱ्यावर जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वी आली, त्यांच्यासाठी ही पहिली फेरी होती. मला हा बेत आखणाऱ्यांचा पहिला दोष वाटतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

नेपल्सजवळ पोचेपर्यंत अंधार पडला, लक्ष्य दिसेना. विमानं मागे वळली. ‘लेडी बी गुड’ने बॉम्ब समुद्रात सोडले आणि ते एकटंच दक्षिणेकडे निघालं. रात्री बारा वाजून बारा मिनिटांनी हॅटनने तळाला रेडिओवर कळवलं की आपला स्वयंचलित दिशाशोधक चालत नाही, तळ कुठल्या दिशेला आहे ते सांगा. बेनगाझीजवळच्या बेनिना इथल्या केंद्राकडून जे बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून मोजलेली दिशा, निघालं ते होतं ३३० अंश. म्हणजे केंद्रापासून विमान वायव्येकडे, समुद्रावर, नेपल्सच्या वाटेवर. अपेक्षा होती तिथेच. तळावरून आकाशात उजेडाच्या ज्योती सोडण्यात आल्या. विमान आलं नाही.

आता हा ट्रान्झिस्टर.

मी आकाशवाणीचं केंद्र लावतो आहे. मध्यम लहरी. ऐकू येतंय ना मागे? आता पेटी आहे तशी ठेवून मी ती हळूहळू फिरवतो. आवाज कमी होतोय… अजून कमी… आता जवळजवळ नाहीसा झाला. या पेटीत एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. कांडीचं टोक केंद्राकडे रोखलं की आवाज असा बसतो. म्हणजे ही कांडी आता केंद्राकडे बोट दाखवते आहे. खिशात होकायंत्र असेल तर मला अंश मोजता येतील. रेडिओवरून दिशा काढायची मूळ युक्ती इतकीच. विमानातली आणि जहाजातली कडी मोठी असते, पण तत्त्व हेच.

मी पेटी अजून फिरवतो. आवाज आला, वाढला. अर्धं वर्तुळ पुरं झालं, आणि पाहा, आवाज पुन्हा बसला. कांडीला दोन टोकं आहेत. केंद्र समोर आहे की पाठीमागे, हे तिला सांगता येत नाही. तिच्याकडून रेषा मिळते. त्या रेषेच्या कुठल्या बाजूला तुम्ही आहात ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

यावर उपाय आहेत. जहाजावर आमच्याकडे आणखी एक उभी तार असायची. एक बटण दाबलं की दोन्हींचे आवाज मिसळून खरी बाजू कळायची. विमानातल्या स्वयंचलित दिशाशोधकात ते काम यंत्रच करतं. पण हॅटनचं तेच यंत्र त्या रात्री भरवशाचं राहिलं नव्हतं. हाती उरली ती नुसती रेषा.

३३० आणि त्याच रेषेचं दुसरं टोक, १५०. मध्ये बरोबर १८० अंश. बेनिनाच्या वायव्येला समुद्रावर असलेलं विमान आणि बेनिनाच्या आग्नेयेला वाळवंटावर असलेलं विमान, दोन्ही एकाच रेषेवर येतात. पुढे झालेल्या चौकशीचा निष्कर्ष असा की विमान तळ ओलांडून दक्षिणेला गेलं होतं आणि नॅव्हिगेटरने उलट बाजूचं बेअरिंग खरं धरलं. आपण अजून भूमध्य समुद्रावर आहोत आणि तळ पुढे आहे, अशा समजुतीने ते १५० अंशांची दिशा धरून उडत राहिले. दिशा अचूक होती. नेपल्सहून सोलुकला यायची ती हीच. विमान त्या रेषेवरून जरासुद्धा ढळलं नाही. ते फक्त शेवटचं स्टेशन मागे टाकून पुढे चाललं होतं. आणखी दोन तास.

तुम्ही म्हणाल, खालचं वाळवंट दिसलं कसं नाही? युद्धाचे दिवस, किनाऱ्यावर दिवे नाहीत. अंधारात वरून पाणी आणि वाळू सारखीच काळी दिसतात. वारा मागून असला तर विमान हिशेबापेक्षा लवकर किनाऱ्यावर येतं, आणि हिशेब करणारा अजून अर्ध्या तासाने किनारा येईल म्हणून वाट पाहत असतो.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. नोकरीचं पहिलं वर्ष. इराणच्या आखातातून मुंबईकडे येत होतो, हवा धूसर. मी किनाऱ्यावरच्या एका रेडिओ बीकनचं बेअरिंग काढलं, वहीत लिहिलं आणि मोठ्या उत्साहाने वर नेऊन दिलं. सेकंड ऑफिसरने नकाशावर रेषा ओढली आणि काही न बोलता मला जवळ बोलावलं. माझ्या रेषेप्रमाणे आमचं जहाज जमिनीवर चढत होतं. माझे वरिष्ठ तिथेच होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘कुठल्या टोकाचं घेतलंस?’ बटण दाबायचं मी विसरलो होतो. त्या दिवशी नकाशाने मला वाचवलं. जहाज जमिनीवर चालत नाही. आणि ते ताशी पंचवीस किलोमीटरने जात होतं. चूक कळायला, सुधारायला वेळ होता. हेजच्या नकाशावर अशी काहीच अडचण आली नाही. समुद्र काय आणि वाळवंट काय, विमान दोन्हींवरून सारखंच उडतं. त्याला ‘थांब’ म्हणणारं काही नव्हतं, आणि विमान ताशी तीनशेच्या आसपास वेगाने चाललं होतं.

म्हणून या गोष्टीत नेहमी नॅव्हिगेटरकडे जे बोट दाखवलं जातं ते मला मान्य नाही. चूक त्याच्या हातून झाली असेल. पण ज्या केंद्राने बेअरिंग दिलं त्यांनाही रेषेला दोन टोकं असतात हे ठाऊक होतं. थोड्या वेळाने दुसरं बेअरिंग घेऊन ताडून पाहता आलं असतं. दुसऱ्या एखाद्या केंद्राकडून तिरपी रेषा मिळाली असती तर दोन रेषांच्या फुलीवर विमान सापडलं असतं. पहिल्याच फेरीवर आलेल्या पोराला मध्यरात्री एका रेषेवर सोडून दिलं आणि पुढे कागदावर त्याचं नाव लिहिलं. मी त्याच कामात आयुष्य काढलं आहे. मला हे बोलणं भाग आहे.

पहाटे दोनच्या सुमारास इंधन संपत आलं. नऊ जणांनी पॅराशूट बांधून उड्या मारल्या. अंगावर समुद्रात तरंगायची जाकिटं होती. म्हणजे खाली पाणी असेल याची तयारी करून त्यांनी उडी मारली. पाय टेकले ते खड्यांवर आणि वाळूवर.

विमान त्यांच्याशिवाय पुढे गेलं. चालवणारं कुणी नाही, एक इंजिन अजून फिरतंय, अशा अवस्थेत ते सुमारे पंचवीस किलोमीटर जाऊन सपाट जागी पोटावर टेकलं, थोडं घसरलं, पंखांच्या मागे मोडलं आणि थांबलं. लिबरेटर तरंगत जाणारं विमान नव्हे असं मी मघाशी म्हणालो. त्या रात्री ते जितकं अलगद उतरलं, तितकं वैमानिक बसलेला असतानाही क्वचित उतरलं असतं.

खाली आठ जण एकमेकांना शोधत होते. पिस्तुलाचे बार काढले, ज्योती सोडल्या, अंधारात हाका मारल्या. आठ जमले. वोरावका सापडेना. थोडं खाणं होतं. पाणी एका फिरकीच्या बाटलीत, तीही अर्धी. समुद्र वायव्येला, तळ वायव्येला, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते खरंही होतं. किती लांब, हे ठाऊक नव्हतं. समुद्रावर आहोत असं समजून उडी मारणाऱ्याला पायाखाली जमीन लागली, तर किनारा आपल्या अगदी मागेच आहे असंच वाटणार. ते वायव्येकडे चालायला लागले.

नंतर लोकांनी बरेच हिशेब मांडले. दक्षिणेला गेले असते तर विमान मिळालं असतं. त्यात खायला होतं, थोडं प्यायला होतं, रेडिओ होता. हे सगळं खरं आहे. पण विमान कुठे पडलं हे त्यांना कुठून कळणार? आणि दक्षिणेला माणसांची वस्ती म्हणाल तर कुफ्राचं ओॲसिस, तेही तीनशेच्या आसपास किलोमीटरवर. नकाशा समोर ठेवून खुर्चीत बसल्यावर असे सल्ले सुचतात. मी ते देणार नाही.

तळाने शोध घेतला तो समुद्रावर. वाळवंटात इतक्या आत विमान असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. महिनाभरात, मे १९४३ मध्ये, उत्तर आफ्रिकेतलं युद्ध संपलं. विमानदळ पुढे सरकलं. नऊ घरी तार गेली.

१९५८ साली ब्रिटिश तेल कंपनीचे लोक त्या भागात भूगर्भाची पाहणी करत होते. त्यांना वरून एक विमान दिसलं. ट्रिपोलीजवळच्या अमेरिकी तळाला कळवलं, तर तिथे नोंद सापडेना. त्या भागात आपलं कुठलंच विमान पडलेलं नाही, असं उत्तर आलं. कागद बरोबर होता. कागदाप्रमाणे ते विमान समुद्रात होतं. १९५९ च्या सुरुवातीला तेल कंपनीची माणसं गाड्यांनी तिथे पोचली.

त्या विमानात जे सापडलं त्याचं वर्णन वाचताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. कोरडी हवा, पाऊस नाही, माणूस नाही. खुंट्यांवर कपडे. मशीनगनचा चाप ओढला तर गोळी सुटली. रेडिओ चालू होण्याच्या स्थितीत. थर्मासमधलं पेय पिता येईल असं. पॅराशूट मात्र एकही नाही. माणसाचं हाडूकही नाही. म्हणजे सगळे उतरले होते. मग गेले कुठे?

याच विमानाचे काही सुटे भाग काढून दुसऱ्या विमानांत बसवले आणि ती विमानंही अपघातात सापडली, असं पुष्कळ ठिकाणी रंगवून लिहिलेलं असतं. तो भाग मी सोडून देतो. या नऊ जणांच्या दुःखाला भुताखेताची जोड लागत नाही.

१९५९ च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराची तुकडी शोधाला आली. मृतांचे अवशेष शोधून ओळख पटवणं हेच तिचं काम. कॅप्टन मायरन फुलर आणि वेस्ली नीप हे तिचे प्रमुख. विमानाच्या उत्तरेला, खडेरी पठारावर, त्यांना एक बुटांचा जोड मिळाला. उडताना घालायचे लोकरी अस्तराचे बूट. पडलेले नव्हते, ठेवलेले होते. चवडे पुढच्या वाटेकडे. पुढे पॅराशूटच्या कापडाच्या पट्ट्या, बाणाच्या आकारात मांडलेल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडांना दगड. असे बाण एकामागून एक. वाटेत टाकून दिलेली समुद्रात तरंगायची जाकिटं.

तहानेने जीव जात असताना माणूस खाली वाकतो, दगड गोळा करतो, कापडाची पट्टी ताणून बसवतो, टोक वायव्येकडे आहे ना ते पाहतो आणि मग उठतो. कुणासाठी? वोरावका मागून येत असेल तर त्याच्यासाठी. शोधायला येणाऱ्यांसाठी. त्यांचा विश्वास होता की कुणीतरी येणार. सोळा वर्षांनी आलेल्या माणसांनी ते बाण वाचले आणि त्या दिशेने गेले. पठार संपून वाळूच्या टेकड्यांचा समुद्र सुरू झाला तिथे खुणा थांबल्या. एवढ्या पाण्यावर माणसं याहून लांब गेलीच नसतील, वाळूने झाकली गेली असतील, असं ठरवून शोध थांबवण्यात आला.

ते लांब गेले होते. फेब्रुवारी १९६० मध्ये तेल कंपनीच्याच माणसांना वाळूच्या टेकड्यांमध्ये पाच जण एकमेकांजवळ सापडले. हॅटन, टोनर, हेज, लामॉट, ॲडम्स. आजूबाजूला रिकाम्या बाटल्या, टॉर्च, पॅराशूटचा तुकडा. उतरल्या जागेपासून शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. टोनरच्या खिशात छोटी रोजनिशी होती.

त्या वहीतली वाक्यं मी वाचून दाखवणार नाही. ती त्याची आहेत, त्याने घरच्यांसाठी लिहिली असतील. त्यात काय आहे ते माझ्या शब्दांत सांगतो. रोज दोन-चार ओळी. पहिल्या दिवशी वाट चुकली, इंधन संपलं, उडी मारली, जॉन सापडत नाही, बाकी सगळे आहेत. मग पाण्याची वाटणी ठरली, दिवसाला प्रत्येकी एक बूच. पंधरा मिनिटं चालायचं, पाच मिनिटं थांबायचं. दुपारी ऊन असह्य म्हणून पडून राहायचं, रात्री चालायचं. रात्री गारठा इतका की झोप लागत नाही. विमानाची चाहूल नाही. प्रार्थना. पाचव्या दिवशी टेकड्या लागल्या, उडत्या वाळूने डोळे गेले, लामॉटला दिसेनासं झालं. दोन जण आता संपले असं वाटलं. सहाव्या दिवशी तिघे जण मदत आणायला पुढे गेले, बाकीच्यांना पाऊल उचलवेना. पुढच्या दिवशी एक-दोन पक्षी दिसले, तेही त्याने लिहून ठेवलं. शेवटची नोंद सोमवारची, १२ एप्रिलची. त्यात मदत आली नाही आणि रात्र फार थंड होती, एवढंच.

मी ती नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा घरी पाण्याच्या बाटलीचं बूच घेऊन त्यात पाणी भरून पाहिलं. चहाच्या चमच्यापेक्षा थोडंसं जास्त भरतं. त्यांच्या बाटलीचं बूच थोडं मोठं असेल, दोन चमचे धरा. अर्धी बाटली म्हणजे अर्धा लिटरच्या आसपास. आठ माणसं, रोज दोन-दोन चमचे. हिशेब केला तर ते पाणी सहा-सात दिवस पुरतं, आणि वहीप्रमाणे ते तेवढंच पुरलं. याचा अर्थ असा की कुणीही, एकदाही, रात्री इतर झोपलेले असताना, बाटली तोंडाला लावली नाही. आठव्या दिवशीही जीभ ओली करण्यापुरतं पाणी शिल्लक होतं आणि ते सगळ्यांचं होतं.

आणि त्या संपूर्ण वहीत हेजविरुद्ध एक अक्षर नाही. कुणाविरुद्धच नाही. ज्याच्या चुकीने आपण इथे आलो असं म्हणता आलं असतं, तो माणूस त्याच पाचांत होता, त्याच बाटलीतलं बूचभर पाणी पीत होता, आणि ते शेवटपर्यंत एकमेकांना टेकून राहिले. सतरा वर्षांनी सापडले तेही एकमेकांजवळच.

ते पाच सापडल्यावर लष्कर आणि हवाई दल पुन्हा मोठ्या तयारीने आलं. मे महिन्यात गाय शेली सापडला. पाच जणांना मागे ठेवून तो आणखी तीसहून अधिक किलोमीटर गेला होता, टेकड्या चढत-उतरत, पाच दिवस बूचभर पाण्यावर काढल्यानंतर. पाच दिवसांनी रिपस्लिंगर सापडला, शेलीच्याही पुढे. त्याच्याजवळही एक रोजनिशी होती. माणसाचं शरीर काय करू शकतं याबद्दलचे तज्ज्ञांचे आकडे या दोघांनी खोटे पाडले. मदत आणतो म्हणून ते निघाले होते, आणि पाय हलत होते तोवर ते त्याच कामावर होते.

ऑगस्टमध्ये वोरावका सापडला. विमानाच्या बऱ्याच जवळ, पॅराशूट अजून अंगाला बांधलेलं. ते नीट उघडलंच नव्हतं. म्हणजे बाकीचे बार काढत होते, हाका मारत होते, त्याच्यासाठी बाण मांडत गेले, तेव्हा तो पहिल्याच मिनिटाला गेलेला होता. दोस्त आपल्याला शोधताहेत हे त्याला कळलं नाही. आणि तो गेला आहे हे त्यांना कळलं नाही.

त्या विमानाचे अवशेष १९९४ साली लिबियाने वाळवंटातून काढून तोब्रुकजवळच्या हवाई तळावर नेले. तोब्रुक हे नाव आपल्या काही घरांत अजून घेतलं जातं. जून १९४२ मध्ये ते शहर पडलं तेव्हा तिथे अडकलेल्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. सातारा-कोल्हापूरकडचे, कोकणातले जवान तिथे कैद झाले. त्याच लिबियाच्या वाळूत, वर्षाच्या आतच, हे नऊ जण उतरले. विमानाचा एक पंखा मिशिगनमध्ये लामॉटच्या गावी, लेक लिंडनला, स्मारक म्हणून उभा आहे. ट्रिपोलीच्या तळावरच्या प्रार्थनामंदिरात या नऊ जणांच्या स्मरणार्थ बसवलेली रंगीत काचेची खिडकी आता ओहायोत डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

शेवटी व्हर्नन मूर. शेली आणि रिपस्लिंगर यांच्याबरोबर मदतीला निघालेला तिसरा. त्यांचा माग काढत पथकांनी त्या टेकड्यांमध्ये पुष्कळ दिवस घालवले, गाड्यांनी, विमानांनी. मूर सापडला नाही. तो पाच जणांच्या आणि शेलीच्या मधे कुठे थांबला, की वाट सोडून बाजूला गेला, की रिपस्लिंगरच्याही पुढे गेला, याचा पत्ता लागला नाही. बाकीचे आठ जण अमेरिकेत नेऊन पुरले. ट्युनिशियात कार्थेजजवळ अमेरिकी सैनिकांची दफनभूमी आहे. तिथे ज्यांचे देह मिळाले नाहीत त्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत, आणि त्यांत मूरचं नाव आहे.